तीस पायऱ्या आणि एक लांब खुर्ची

पहिला दिवस, बुधवार

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचली तेव्हा एक सर नुकतीच येऊन गेली होती. श्रावण असल्यामुळे ऊन-पावसाचा खेळ चालू होता. भाचा न्यायला आला होता. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, त्यामुळे खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि प्रत्येक भिंतीकडे मान वाकडी करून बघायची सवय.

मी का आले होते ते आधी सांगते. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्गाचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्याची कार्यवाह. सध्याची जागा म्हणजे सिमेंटची एक लांबट खोली, वर सपाट स्लॅब, खिडक्या दोन आणि त्याही एकाच भिंतीला. मे महिन्यात दुपारी वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस पहिल्या पानावरूनच उठून जातो. आता नव्या इमारतीचं घाटतंय. कार्यकारिणीत मी म्हटलं, नकाशा काढायच्या आधी वाचनालयाच्या जुन्या इमारती तरी बघू या. सगळे एकमुखाने म्हणाले, "बघून या." म्हणजे स्वखर्चाने.

स्टेशनवरून चालत हॉर्निमन सर्कल. मुंबईत पाऊस पडून गेल्यावर फोर्टातले दगड काळेभोर दिसतात आणि मध्येच टाउन हॉल पांढराशुभ्र समोर येतो. एशियाटिक सोसायटीची इमारत म्हणून आपण ओळखतो ती हीच. खाली उभं राहून मी पायऱ्या मोजल्या. तीस. भाचा म्हणाला, "मावशी, मोजायच्या नसतात, चढायच्या असतात." गुडघे त्याचे नाहीत, माझे आहेत.

वर आठ जाडजूड खांब, त्यांवर त्रिकोणी कपाळ. भाच्याने लगेच वर्ग सुरू केला: हे डोरिक खांब, ग्रीक देवळांची नक्कल, खांबाला खालून वर गेलेल्या पन्हाळी बघ. कर्नल थॉमस कूपर नावाच्या लष्करी इंजिनिअरने आराखडा केला, १८२१ मध्ये काम सुरू झालं आणि १८३३ मध्ये संपलं. कूपर १८२५ मध्येच वारला, त्याला ही पुरी झालेली दिसली नाही. बारा वर्षं का लागली? पैसा. सुरुवातीला निधी लॉटरीतून उभारला. तो पुरेना, तेव्हा सरकारने उरलेला भार उचलला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. इमारत निधी कमी पडण्याची परंपरा आमच्या कार्यकारिणीपासून सुरू झालेली नाही.

खांबांची एक गोष्टही सांगतात. ते विलायतेहून बोटीने आणले, आल्यावर कळलं की फारच मोठे आहेत, मग उरलेले भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. भाच्याचा यावर विश्वास नाही. माझा आहे, कारण आमच्याकडे कपाटं दारातून आत न गेल्यामुळे शाळेला दिलेली आहेत.

पण मला खरी आवडली ती खांबांपेक्षा एक बारीक गोष्ट. खिडक्यांवर लाकडी झडपांच्या टोप्या आहेत, बाहेर झुकलेल्या. ग्रीक देवळाला असलं काही नसतं. तिथे आपल्यासारखा पाऊस कुठे पडतो? नक्कल करता करता कुणाला तरी जूनची आठवण झाली असणार. माझ्या देखत एक सर आली. पाणी टोपीवरून घसरून खाली गेलं, खिडकी उघडीच राहिली, वारा आत जातच राहिला. आमच्या वाचनालयात सर आली की शिपाई धावत जाऊन दोन्ही खिडक्या लावतो आणि मग आत बसलेले सगळे शिजतात.

आत उंच छत, लाकडी जमीन, लोखंडी गोल जिने आणि संगमरवरी पुतळे. एल्फिन्स्टन, माल्कम, फ्रिअर असे साहेब, त्यांच्यात आपले जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय. लाकडी जमिनीवरून कुणी चाललं की फळ्या कुरकुरतात आणि तीन टेबलांवरची माणसं मान वर करतात. शांतता राखण्याचा हा उपाय मला पाटीपेक्षा परिणामकारक वाटला.

संस्था इमारतीहून जुनी आहे. मुंबईचा मुख्य न्यायाधीश सर जेम्स मॅकिन्टॉश याने १८०४ मध्ये लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली, तिचीच पुढे एशियाटिक झाली. लाखाहून जास्त पुस्तकं. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत इथे आहे आणि मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते, असं मुंबईकर मोठ्या अभिमानाने सांगतात. ती काही आम्ही पाहिली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची वस्तू नाही ती. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपात जे उकरून काढलं, एकात एक ठेवलेले करंडक आणि आत बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, तेही या संस्थेकडेच आले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे इथलेच, दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथे येऊन बसत. एका रिकाम्या खुर्चीकडे बघून मी उगाच ठरवून टाकलं की ही त्यांची.

याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४ च्या कायद्याने देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवावी लागते त्यांतलं हे एक. म्हणजे आमच्या गावच्या कविराजांनी स्वखर्चाने काढलेला संग्रहसुद्धा, त्यांनी नियम पाळला असेल तर, इथे कुठल्या तरी फडताळात असणार. गावात कुणी तो वाचलेला नाही.

बाहेर येऊन परत त्या पायऱ्यांवर बसलो. पाऊस थांबला होता, कॉलेजची मुलं रुमालाने दगड पुसून बसत होती. एक नवरा-नवरी फोटो काढून घेत होते, शालू वर धरून. आत वाचणारे मोजके, पायऱ्यांवर बसणारे पन्नास. मी भाच्याला विचारलं, इथे आपल्या माणसाला आत पहिल्यांदा कधी घेतलं? त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ, १८४०. म्हणजे संस्था निघाल्यावर छत्तीस वर्षांनी आणि ही इमारत पुरी झाल्यावर सात वर्षांनी. तोवर आपल्या लोकांना ही इमारत पायऱ्यांपर्यंतच.

शेजारीच टांकसाळ आहे. ती लक्षात ठेवा, उद्या लागणार आहे.

दुसरा दिवस, गुरुवार

काळा घोडा. सकाळी साडेदहा. रस्त्यावर टॅक्सींची रांग, समोर जहांगीर आर्ट गॅलरी आणि या बाजूला एकाला एक लागून पिवळट दगडाच्या इमारती. त्यांत एल्फिन्स्टन कॉलेजला खेटून जरा अंग चोरून उभी आहे ती डेव्हिड ससून लायब्ररी.

पायऱ्या मोजायची वेळच आली नाही. रस्त्यावरून दोन पावलं टाकली की कमानीखाली. वर दगडात डेव्हिड ससूनचा मुखवटा कोरलेला, दाढी, फेटा. आत त्याचा उभा पुतळाही आहे, पायघोळ बगदादी अंगरख्यातला. काउंटरवर विचारलं, वहीत नाव-गाव लिहिलं. गावाचं नाव वाचून तिथल्या बाईंनी विचारलं, "खास यासाठी आलात?" हो म्हटल्यावर त्या हसल्या.

आता टांकसाळ. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीतले आणि गोदीतले काही तरुण मेकॅनिक आणि फोरमन एकत्र आले. त्यांना यंत्रांचे नमुने आणि इमारतींचे आराखडे ठेवायला संग्रहालय हवं होतं, आणि वाचायला ग्रंथालय. ही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, पुढे तिला ससूनचं नाव लागलं. मला मौज याची वाटते की टांकसाळीच्या शेजारीच एशियाटिकचा ग्रंथसंग्रह होता, भिंतीला भिंत म्हणावी इतक्या जवळ. तरी हातात कानस धरणाऱ्या या पोरांना स्वतःचं वेगळं काढावंसं वाटलं. का, ते कुणी लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. पण काल त्या तीस पायऱ्या चढल्यामुळे मला अंदाज आहे.

इमारत पुरी झाली १८७० मध्ये. खर्च सव्वा लाख रुपये, त्यातले साठ हजार ससूनचे, उरलेले मुंबई सरकारचे. आराखडा कॅम्बेल आणि गॉसलिंग यांचा. डेव्हिड ससून बगदादचा ज्यू व्यापारी, १८३२ च्या सुमारास मुंबईत आला, कापूस आणि चीनला जाणाऱ्या अफूत अमाप कमावलं, १८६४ मध्ये पुण्यात वारला. तिथे लाल देऊळ म्हणतात त्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या आवारात त्याची कबर आहे. म्हणजे ही इमारत त्यानेही पाहिली नाही. कूपरचंही तेच झालं होतं. आमच्या अध्यक्षांना हे सांगावं की नाही, याचा मी विचार करते आहे.

अफूचं नाव काढल्यावर भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मग आता काय, बाहेर जायचं?" नाही, बाहेर नाही जायचं. पण चीनमध्ये कुणाची तरी घरं बसली तेव्हा इथे ही कमान उभी राहिली, एवढं तिच्याखालून जाताना ठाऊक असावं.

दगड मालाडचा. उन्हात मधासारखा दिसतो आणि ढग आला की गव्हाच्या पिठासारखा. कमानी टोकदार, गॉथिक. भाच्याने व्हेनिसचं काहीतरी सांगितलं, ते मी अर्धं ऐकलं. कारण तोवर आम्ही जिना चढून वरच्या व्हरांड्यात पोचलो होतो आणि मला खुर्च्या दिसल्या होत्या.

लांब लाकडी आरामखुर्च्या. हात इतके लांब की त्यांवर पाय पसरता येतात. व्हरांड्यात ओळीने मांडलेल्या. कमानींतून खालचा रस्ता दिसतो, हॉर्न ऐकू येतात, पण कुठून तरी लांबून आल्यासारखे. एका खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा, छातीवर उघडं वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर आणि गाढ झोप. शेजारच्या खुर्चीत एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक वाचत होता. पानं उलटताना आवाज होऊ नये म्हणून बोट ओलं करून, सावकाश.

मी एका खुर्चीत बसले. आधी टेकून, मग नीट. पाय वर घ्यायला जरा संकोच वाटला, लुगड्याचा प्रश्न नव्हता, वयाचा होता. पण घेतले. आणि तेव्हा समजलं की ही सबंध इमारत या जागेसाठी बांधलेली आहे. उन्हाची तिरीप अडवायला व्हरांडा पुरेसा खोल, कमान उंच म्हणून उजेड पानावर पडतो पण डोळ्यांत जात नाही, आणि मागच्या बाजूला बाग असल्यामुळे वारा आतल्या दालनातून आरपार जातो. वर पंखा होता. बंद होता. कुणी लावला नव्हता.

भाचा वहीत काढत बसला. मी म्हटलं, "कमानी नंतर काढ, आधी ही खुर्ची काढ. मापांसकट."

"टेप नाहीये मावशी."

मग विती घातल्या. हात पाच विती. बैठक जमिनीपासून दीड वीत आणि चार बोटं, मागे उतरती. पाठ वेताची. माझं वाकून मोजणं चालू असताना आजोबांना जाग आली. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "सुतार का?" म्हटलं, नाही, वाचनालयवाली. "मग तुमच्याकडे नाहीत का अशा?" आमच्याकडे प्लास्टिकच्या आहेत, आणि भिंतीवर एक पाटी आहे: येथे झोपू नये. पाटी मीच लावली होती, चार वर्षांपूर्वी, स्वतः रंगवून. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आतल्या वाचनाच्या दालनात छत बघायला मात्र विसरू नका. मूळचं उतरतं छप्पर मधल्या काळात काढून वर सपाट काँक्रीट टाकलं होतं, आणि मग व्हायचं तेच झालं, गळती. २०२३ मध्ये डागडुजी संपली तेव्हा तो स्लॅब जाऊन परत उतरतं छप्पर आलं. एवढ्या जुन्या इमारतीवर स्लॅब टाकताना त्या वेळच्या मंडळींनीही "कौलांचा त्रास नको, कायमचं काम करून टाकू" असंच म्हटलं असणार. हे वाक्य मी आमच्या गेल्या बैठकीत ऐकलं आहे. इतिवृत्तात आहे.

दुपारी मागच्या बागेत डबा खाल्ला. फोर्टात इतकी शांत हिरवी जागा असेल असं बाहेरून वाटत नाही. झाडाखालचा बाक ओला होता, त्यावर भाच्याने कालचं वर्तमानपत्र पसरलं. एक मांजर आलं, पोळीचा तुकडा हुंगून गेलं.

संध्याकाळी ओव्हलवर जाऊन राजाबाई टॉवर बघितला. तो मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मनोरा आहे हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं, लोक घड्याळ बघतात आणि जातात. आत जायला आधी परवानगी काढायला हवी होती, ती मी काढली नाही, चूक माझी. मैदानातूनच बघितलं. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या राजाने १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव द्यावं म्हणून. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता. दुसऱ्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदही कोसळले. पण दिलेला शब्द दगडात उभा राहिला. १८६९ मध्ये पायाभरणी, १८७८ मध्ये काम पूर्ण, उंची पंचाऐंशी मीटर. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने मुंबईत कधी पाऊल टाकलं नाही. त्याने कागद पाठवले, आणि इथल्या माणसांनी दगड घडवले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत, ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र या आपल्या इंजिनिअरने घडवले. इतक्या उंचावर आहेत की खालून पागोटं आणि पदर एवढंच कळतं.

प्रेमचंदांच्या आईला दिसत नसे आणि जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायचं असे, म्हणून घंटेसाठी मनोरा, ही गोष्ट भाच्याने सांगितली. खरीखोटी देव जाणे, पण आईला वेळ कळावी म्हणून पंचाऐंशी मीटर बांधणारा मुलगा मला आवडला. भाच्याकडे सूचक बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं.

मैदानात मुलं चिखलात क्रिकेट खेळत होती. लॉटरी, अफू, सट्टा. दोन दिवसांत पाहिलेल्या तिन्ही इमारतींचा पैसा असा आलेला. आमच्याकडे वर्गणीचं पावती पुस्तक आहे, एकशे एक रुपयांपासून.

तिसरा दिवस, शुक्रवार

आज थोडक्यात. दादाभाई नौरोजी रस्त्यावर पेटिट लायब्ररी बाहेरून बघितली, ती सभासदांसाठीच आहे. १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी सुरू केलेली, आत्ताची इमारत १८९८ ची. रंगीत काचांचं फार ऐकलं होतं, पण रंगीत काच आतून बघायची असते. बाहेरून ती काळी दिसते.

मग भायखळा, कारण काल डोक्यात बसलेला घोडा तिथे आहे. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा, तेव्हा तो राजपुत्र होता, अश्वारूढ पुतळा. डेव्हिड ससूनचा मुलगा आल्बर्ट याने तो शहराला दिला, १८७९ मध्ये उभा राहिला, लायब्ररीच्या जवळच. १९६५ मध्ये काढून राणीच्या बागेत आणला. चौकाला नाव मात्र घोड्याचंच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी तो जुना घोडा उभा आहे, स्वारासकट, पावसात चकाकत. फाटकाशी मनोरा आहे, त्यावरही नाव डेव्हिड ससूनचं. शाळेची सहल आली होती. मुलांना पेंग्विन बघायची घाई, राजपुत्राकडे कुणी ढुंकून बघेना. जाताना टॅक्सीतून ख्राइस्ट चर्च ओझरतं दिसलं. "ते बघ तुझे खांब," भाचा म्हणाला, आणि सिग्नल सुटला.

रात्रीच्या गाडीला वेळ होता. भाच्याने विचारलं कुठे जायचं, तर मी म्हटलं, परत ससून लायब्ररीतच. वहीत पुन्हा नाव लिहिलं. व्हरांड्यात कालचे आजोबा त्याच खुर्चीत होते, आज जागे. मला बघून म्हणाले, "आज टेप आणलात का?" आणला होता, भाच्याने मित्राकडून मागून. पुन्हा मापं घेतली. विती फारशा चुकल्या नव्हत्या. आजोबांनी स्वतःहून उठून त्यांची खुर्ची मोजायला दिली आणि टेपचं दुसरं टोक धरलं. ही जरा जास्त उतरती आहे, झोपेला बरी, असं त्यांनी सांगितलं.

गाडीत बसल्यावर खुर्चीचं चित्र आणि मापं कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, नकाशात पश्चिमेला व्हरांडा हवा, दोन्ही बाजूंना खिडक्या हव्यात, वर स्लॅब नको, उतरतं छप्पर, आणि अशा आठ खुर्च्या. कर्जत येईपर्यंत सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर कुणाचं नाही. लोणावळ्याच्या पुढे खजिनदारांचा मेसेज आला:

"बाई, खुर्च्या छान आहेत. पण लोक झोपतील ना?"